चार बोटं खाली बसलेला खांब

मित्रांनो, मला नुसतं लाकूड समजून माझ्याभोवती बोटीचे दोर गुंडाळू नका बरं का! मी बंदराच्या धक्क्याला उभा असलेला, पाणी मोजणारा जुना खांब आहे. माझ्या अंगावर पांढरा रंग आणि त्यावर काळे आकडे आहेत. समुद्र किती चढला, किती उतरला, ते माझ्याकडे बघून कळतं.

माझी देखभाल थांबाकाका करायचे. हे नाव खलाशांनी पाडलेलं. तीन लाटा येऊन गेल्याशिवाय काका वहीत आकडा लिहीत नसत. तेवढ्यात कोणी बोलायला आलं की हात वर करून म्हणत, "थांबा!" एकदा तर त्यांनी बंदराच्या मोठ्या साहेबांनाच थांबवलं. लोक हसायचे, पण मला काकांचा फार अभिमान वाटायचा.

जवळच्या खडकात एक पितळी खिळा ठोकलेला आहे. तो हलत नाही, म्हणून माझी उंची त्याच्याशी ताडून बघायची, असा नियम. एका वर्षी माझा पाय कुजला. सुतारानं तो कापून मला पुन्हा बसवलं. नेमका त्याच दिवशी काकांच्या लेकीचा शाळेचा निकाल होता. काका खिळ्याशी न ताडताच घरी पळाले! अकरा दिवसांनी बघतात तर काय, मी चार बोटं खाली बसलेलो. म्हणजे पाणी होतं तिथेच आणि आकडा मात्र चढलेला. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण त्यांनी वहीत तांबड्या शाईनं लिहिलं, "खांब चार बोटं खाली बसला. चूक माझी. या अकरा दिवसांच्या आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून तेवढी बोटं वजा करावीत."

पुढे काका निवृत्त झाले. शेजारी पाणी मोजणारं यंत्र आलं आणि माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. माझ्या अंगावर शिंपले चिकटले. वाईट वाटायचं हो! त्याहून वाईट म्हणजे धक्क्यामागच्या घरांत भरतीचं पाणी शिरू लागलं. जगभरच्या धुरानं हवा तापली होती, समुद्र चढत होता. आमचा देश लहान. त्यानं खूप धूर सोडणाऱ्या मोठ्या देशांविरुद्ध देशादेशांच्या न्यायालयात दाद मागितली. आमची वकील कोण? काकांची लेक! यंत्राजवळ आठच वर्षांचे आकडे होते. जुना पुरावा म्हणजे काकांची वही.

एक दिवस काका माझ्याजवळच्या बाकावर बसले असताना तिचा फोन आला.

"बाबा, आमच्यातलेच काहीजण म्हणतात, ते तांबडं पान दाखवू नका. केस हातची जाईल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्या एका चुकीपायी लोकांची घरं जातील गं... पण पान लपवलंस तर सगळी वहीच खोटी ठरेल. तूच वाचून दाखव."

सुनावणीच्या दिवशी तिकीटघरातल्या टीव्हीसमोर सगळा धक्का गोळा झाला. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. समोरचे वकील म्हणाले, "समुद्र चढलेला नाही. यांचा खांब खचलाय!"

"खचला ना," लेक शांतपणे म्हणाली. "माझ्या वडिलांनीच तसं लिहून ठेवलंय." तिनं ते पान वाचलं. "ही चार बोटं वजा करा. तरी दहा बोटं उरतात. जो माणूस स्वतःची चूक लपवत नाही, तो समुद्राबद्दल खोटं कशाला लिहील?"

काही महिन्यांनी निकाल लागला. आपल्या धुरानं दुसऱ्यांचं नुकसान होऊ न देणं ही कोणाची मर्जी नाही, ते प्रत्येक देशाचं कर्तव्य आहे, असं न्यायालयानं सांगितलं. निकालपत्रात काकांच्या वहीचा उल्लेख होता. काका लहान मुलासारखे रडले. शेजारणी म्हणाल्या, "आता तरी थांबा!" आणि सगळे हसले.

समुद्र काही त्या दिवशी उतरला नाही. पण आता घरांपुढे भिंत उभी राहते आहे, आणि धूर कमी करण्याचं वचन दिलेल्या देशांना त्याचा हिशोब द्यावा लागतो आहे. माझ्या अंगावरचे शिंपले खरवडून मला नवा रंग दिलाय.

मित्रांनो, या कधीतरी मला बघायला. तीन लाटा जाऊ द्या, मग आकडा वाचा. चुकलात तर तसं लिहा. माझ्या अंगावरचे वरचे सहा आकडे अजून कोरडे आहेत. ते तसेच कोरडे ठेवाल ना?