सलीमाचा डबा

पिंटूला दुसरी उलटी झाली आणि दिपमालाबाईंच्या हातातला तांब्या निसटला.

"झिपरू, रिक्षा बघ! पळ!"

शिपाई झिपरू फाटकाकडे धावला. तेवढ्यात आणखी दोन पोरं पोट धरून खाली बसली. मैदानात कापसाच्या पऱ्हाट्यांची राख धुमसत होती, वांग्यांची जळकी सालं विखुरली होती आणि भरीत कुटायच्या लाकडी बडगीत अर्धं भरीत तसंच पडलं होतं.

भरीत पार्टीची कल्पना बाईंचीच. पारोळ्याच्या या शाळेत आठवीची पोरं आपापल्या मोहल्ल्याप्रमाणे बाकं धरत, गल्लीप्रमाणे डबे उघडत. समतेचे धडे शिकवून झाले. पोरांनी ते पाठ केले आणि पुन्हा आपापल्या बाकांवर गेली. तेव्हा बाईंनी ठरवलं, सगळ्यांनी एकाच बडगीत कुटायचं आणि एकाच बडगीतलं खायचं. जोड्याही मुद्दाम लावल्या. वांगी भाजायला पिंटू आणि हसीब, कुटायला सुनिता आणि सलीमा. भाजलेल्या मिरच्या आणि लसूण सलीमाने घरून आणला होता. मुख्याध्यापक तेवढंच म्हणाले होते, "बघा बाई, उद्या काही झालं तर तुम्ही जाणे."

तिघांना घेऊन झिपरू रिक्षातून सरकारी दवाखान्यात गेला. बाई बडगीपाशी आल्या. शेजारी सलीमाचा डबा होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, डबा उचलला आणि नाकाशी नेला. मिरची, लसूण. दुसरं काहीच नाही.

मान वर केली तर समोर सलीमा उभी होती. हात कोपरापर्यंत भरताने माखलेले. तिची नजर बाईंच्या नाकाशी धरलेल्या डब्यावर होती.

तोवर फाटकावर माणसं जमली होती. पुढे पिंटूचा बाप, धना.

"बाई, मना पोऱ्याले काय खावाडं तुम्ही?"

"धनाभाऊ, डॉक्टर तपासताहेत. जरा धीर धरा."

"धीर काय धरू? भरीत कोनी कुटं ते सांगा!"

मागून कुणीतरी म्हणालं, "ती गफूरनी पोर व्हती म्हने त्यामां."

गलका एकदम थांबला. ती शांतता बाईंना ओळखीची होती. तिच्यानंतर काय येतं तेही त्यांनी पाहिलं होतं. पाठीमागे गफूरची सलीमा पदर धरल्यासारखी त्यांच्या सावलीत उभी होती. नाव तोंडातून निघालं असतं, तर गफूरचं पंक्चरचं दुकान संध्याकाळपर्यंत राहिलं नसतं.

"मी कुटलं," बाई म्हणाल्या. "वांगी, मिरची, सगळं. विचारायचं ते मला विचारा."

धनाने त्यांच्या स्वच्छ हातांकडे पाहिलं. तो काही बोलणार, तोच बाईंचा फोन वाजला. झिपरू होता.

"बाई, पोरं कबूल झाली. वांगी भाजेस्तोवर कुंपणापाशी जाऊन चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या त्यांनी. बदामासारख्या लागतात म्हणे! विषारी असतात त्या, उलट्या त्यानेच. डॉक्टर म्हणाले, आता घाबरायचं कारण नाही."

बाईंनी ते मोठ्याने सांगितलं. मग धना ओशाळं हसला. "खादाडच शे मना पोऱ्या." गर्दी बिया, बकऱ्या, कुंपण असं बोलत पांगली. सलीमाकडे कुणी पाहिलंही नाही. ती खाली बसून बडगी घासत होती. बडगी स्वच्छ झाली तरी घासत होती.

सोमवारी पिंटू शाळेत आला, हसीबला टाळी देऊन त्याच्याच बाकावर बसला. बाईंना बरं वाटलं. मधल्या सुट्टीत त्या नेहमीसारख्या पोरांच्या पंगतीत खिचडी घेऊन बसल्या. सलीमा रोज त्यांना लोणचं वाढायची. आजही ती डबा घेऊन आली. झाकण उघडलं, पण चमचा काढला नाही. डबा तिने बाईंच्या चेहऱ्यासमोर धरला.

"बाई, आधी वास घ्या."

आवाजात राग नव्हता. मोठ्यांना पाणी देताना मुली जशा अदबीने उभ्या राहतात, तशी ती उभी होती.

बाईंनी घाईघाईने ताट पुढे केलं.

डबा तिथेच राहिला, नाकाच्या उंचीवर.