लाल पेटीतली चिठ्ठी

नागव्वाला शिक्षणाचं कुणी विचारलंच नव्हतं. सोलापुरातल्या त्या बालमंदिरात ती मदतनीस म्हणून आली तेव्हा तिथं शिकवणाऱ्या ऋतुजाताईंनी फक्त नाव आणि गाव विचारलं होतं. "नागव्वा, वळसंग," एवढ्यावर भागलं असतं. पण नागव्वाला राहवलं नाही. "सातवी पास हाय मी," तिने ठोकून दिलं. खरं तर शाळेचं तोंड तिने पंधरा दिवसच पाहिलं होतं. सोळाव्या दिवशी घरच्यांनी शेळ्यांमागे धाडलं.

ही झाकली मूठ तीन वर्षं टिकली ती रंगांच्या जिवावर. या शाळेत व्याकरण पुस्तकातून नाही, हातांनी शिकवतात. वस्तूंची नावं काळ्या पेटीत, 'गोड', 'उंच' असले गुण सांगणारे शब्द निळ्या पेटीत आणि करायच्या कामांचे शब्द लाल पेटीत. काळ्या पेटीतली चिठ्ठी वाचून पोरं ती वस्तू शोधून आणतात. लाल पेटीतली मनात वाचायची आणि तसं करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. चिठ्ठीचा रंगही पेटीचाच. शाळा सुटली की नागव्वा रंग बघून सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी लावायची. "मावशींसारखं नीट कुणी लावत नाही," असं ताई म्हणायच्या, आणि नागव्वा पदराने तोंड पुसत दुसरीकडे बघायची.

मग एकदा रंगीत कागद संपला. ताईंनी चाळीस नव्या चिठ्ठ्या पांढऱ्या कागदावरच लिहिल्या नि म्हणाल्या, "मावशी, तेवढ्या पेट्यांत लावून जाल ना? तुम्हाला काय सांगायचं!" नागव्वा "व्हय" म्हणाली, ताई गेल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिन्ही पेट्यांत सारख्या वाटून टाकल्या, प्रसाद वाटावा तशा.

दुसऱ्या दिवशी शिवराजने लाल पेटीतली चिठ्ठी उचलली. पाच वर्षांचं पोर, वाचून गोंधळलं. मग खाली बसलं, डोक्यावर दोन्ही हातांची कमान केली आणि गप्प राहिलं. चिठ्ठीत 'बादली' होतं. त्याच्यामागून राजनंदिनीला 'खारट' आलं. तिने असं काही तोंड वेडंवाकडं केलं की अख्खा वर्ग हसून लोळला. मुलांना वाटलं, ताईंनी नवा खेळ काढला. दारात ओलं फडकं धरून उभ्या असलेल्या नागव्वाने मात्र पुसलेलाच उंबरा पुन्हा पुसायला घेतला.

ताईंनी पेट्या पाहिल्या, नागव्वाकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. या वर्गाची रीतच तशी. पोर चुकलं तरी 'चुकलास' म्हणायचं नाही; सामान पुन्हा मांडून द्यायचं, त्याचं त्याला दिसतं. पण चोराच्या मनात चांदणं. नोकरी गेली असं धरूनच नागव्वाने दुपारी फरशी पुसली, आणि शाळा सुटल्यावर स्वतःच ताईंपुढे जाऊन उभी राहिली.

"ताई, मी खोटं बोल्ले. मला वाचाया येत न्हाय. सातवी बी न्हाय, पयली बी न्हाय. काढून टाकायचं असंल तर टाका की."

"मी तुम्हाला सातवी कधी विचारली होती?" ताई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून खरखरीत कागदाची अक्षरं काढली, चटई अंथरली. "पोरं यावर बोट फिरवतात, तसंच तुम्ही फिरवायचं. तुमची वळसंगची गाडी किती वाजता?"

"साडेतीनला."

"शाळा तीनला सुटते. म्हणजे रोज अर्धा तास आपला."

नागव्वा चटईच्या कडेला टेकली. उभ्या जन्मात तिच्यासाठी कुणी चटई अंथरली नव्हती. गाडीत ती वळसंग येईपर्यंत पदराआड रडली, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका सकाळी ताई ऑफिसात होत्या आणि शिवराज लाल पेटी घेऊन आला. "मावशी, आता तुझी पाळी."

नागव्वाने चिठ्ठी उचलली, बोट टेकवलं. 'ह'ला काना, 'क'. मग 'म'ला काना, 'र'. ओठ हलले, पुन्हा हलले. मग ती उठली, खिडकीशी गेली आणि सगळा जोर लावून ओरडली, "ओ ऋतुजाताईऽऽ!"

रस्त्यावरचा भाजीवाला जागीच थांबला. "हाक मार! हाक मार!" पोरांनी ओळखून कल्ला केला. ताई धापा टाकत आल्या. "काय झालं मावशी?"

नागव्वाने चिठ्ठी पुढे केली.

"काय न्हाय ताई. वाचलं. म्हनून पयली हाक तुमालाच मारली."