दारापुढचा केसर

"मागं खणला बरं का खड्डा," कडुबा म्हणाला. पारूबाईनं हातातलं सूप ठेवलं आणि पदर खोचून घरामागं जाऊन बघितलं. संडासाच्या टाकीपाशी, दोन भिंतींच्या बोळीत नवऱ्यानं आंब्याच्या कलमासाठी गुडघाभर खड्डा खणून ठेवला होता.

"अहो, इथं ऊन तरी येतं का? तुम्ही माळी का कोण?"

"पुढं लावलं तर पानं पडतेत. आपल्या सम्यकच्या गाडीला अडचण व्हईल. उगं कोणी काही म्हणलं तर..."

"कोण म्हणणार हाय?"

कडुबा कुदळीची माती खरवडायला लागला. छत्तीस वर्षं साहेबलोकांच्या बंगल्यांवर माळीकाम केलेला माणूस. गावभर त्याच्या हातचे आंबे उभे आहेत, पण एकही खड्डा त्यानं आपल्या मनानं खणलेला नाही. साहेबांनी बोट दाखवायचं, बाईसाहेबांनी ते दुसरीकडं वळवायचं, मग ह्यानं कुदळ उचलायची. पाड लागला की पहिली पाटी साहेबांच्या गाडीत. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाटायचं ते एवढंच, की हे झाड कडुबाचं, असं म्हणायला आपल्यामागं कुठंच काही राहणार नाही.

म्हणून नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यानं स्वतः वाढवलेल्या एका केसरची काडी साहेबांना विचारून घेतली, कोयीच्या रोपावर कलम बांधलं आणि गारखेड्यातल्या भाड्याच्या खोलीबाहेर दोन वर्षं पिशवीत जपलं. घरमालकीण म्हणायची, "ती पिशवी जिन्यातून काढा." हा काढायचा. ती आत गेली की परत ठेवायचा. आता पोरानं, सम्यकनं, हर्सूलला दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, तेही हट्टानं बापाच्या नावावर.

"बुजवा तो खड्डा," पारूबाई म्हणाली. "दारापुढं लावा. पानं झाडायला मी हाय ना."

"सम्यक काय म्हणंल?"

"त्याला मी बघते."

कडुबानं निमूटपणे खड्डा बुजवला आणि फाटकातून आत आल्या आल्या दिसेल अशा जागी नवा खणला. आता मात्र हात चालायला लागले. तळाशी शेणखत, निंबोळी पेंड. ब्लेडनं पिशवी अलगद चिरली, मुळाभोवतीचा मातीचा गोळा जरासुद्धा फुटू दिला नाही. "सरळ धर. आन् हा सांधा मातीच्या वर राहू दे, नाय तर कलम कुजतं," त्यानं बायकोला बजावलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तो कोणाला तरी हुकूम सोडत होता. पारूबाईला लई बरं वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी एक गृहस्थ आले. धुवट शर्ट, हातात छत्री. "मी रामकिसन, शेजारच्या गल्लीतला. म्हटलं नवीन मालकांना भेटावं. आहेत का?"

कडुबा हातातली माती झटकून ताठ उभा राहिला. "साहेब घरात नाहीत. संध्याकाळी या."

"बरं," म्हणून रामकिसन निघाले.

पारूबाई कलम धरून तशीच बसली होती. हसावं का रडावं तिला कळेना. "कोण साहेब ओ?" तिनं हळूच विचारलं.

मग कुठं कडुबाच्या ध्यानात आलं, आणि लाजेनं त्याचे कान तापले. खाली बसून माती लोटावी, विषय सोडून द्यावा, असं त्याला एकदा वाटलं. पण नाही. तो तसाच अनवाणी रस्त्यावर गेला.

"दादा, थांबा जरा. चला घरी."

रामकिसन वळले. "आले का मालक?"

"व्हय," कडुबा म्हणाला. "आत्ताच आले."

दोघं फाटकाशी पोचले. आजवर फाटक उघडून बाजूला उभा राहणारा कडुबा पुढं झाला, आणि पाहुणा त्याच्या मागून आत आला.