देवमाशाचा हात

“दिपे, उजवीकडं काऊन जायलीस? पिंप समोर हाय, समोर!”

साखराबाई धरणाच्या काठाशी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांच्या आवाजाने पलीकडच्या म्हशींनी माना वर केल्या, पण जिच्यासाठी हा घसा कोरडा चालला होता तिच्या कानात पाणी होतं. दिपाली मान खाली घालून मोठ्या जोमात हात मारत होती आणि समोर तरंगणारं निळं पिंप सोडून भलतीकडेच निघाली होती. ती जाऊन थडकली ती पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या बाभळीला. तिथे खोडाला धरून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“वारं लई हाय,” ती धापा टाकत काठाला आली तेव्हा साखराबाईंनी निकाल दिला.

“कुठाय वारं, माय?”

वारं नव्हतंच. काठावरचं गवतसुद्धा हलत नव्हतं. पण दिपालीला पोहायला शिकवलं होतं साखराबाईंनी, आणि साखराबाईंच्या शिकवण्यात खोट निघू शकते हे नेकनूरच्या आसपास कुणी म्हणायला धजलं नव्हतं. पोरीच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, तिला विहिरीत ढकलायचं, आणि ती रडून दमली की शिकवायला सुरुवात करायची, ही त्यांची पद्धत. गावातल्या निम्म्या लेकीसुना अशाच तयार झालेल्या. “बाप्यांनी शिकवलेली पोरं नुसती तरंगत्यात, माझ्या पोरी पोहत्यात,” असं त्या भर बाजारात सांगायच्या.

आता या बोलण्याची परीक्षा आली होती. गेल्या पावसाळ्यातल्या पुरात छपरावर अडकलेल्या बायका अनोळखी बाप्याच्या गळ्याला मिठी मारून पाण्यात उतरायला तयार होईनात, म्हणून यंदा पूर-बचाव पथकात मुली घ्यायचं ठरलं होतं. बीडला बी. एस्सी. करणाऱ्या दिपालीने लगेच नाव दिलं. निवड पुढच्या रविवारी याच धरणावर होती. पिंपापर्यंत पोहत जायचं, हात लावायचा आणि निघालो त्याच जागी दोन बांबूंच्या मधून बाहेर यायचं. दिपालीला ते पथक मनापासून हवं होतं. आणि लेक घेतली गेली नाही तर विहिरीवर पुन्हा कोणत्या तोंडाने उभं राहायचं, हा साखराबाईंचा प्रश्न होता. म्हणजे आज सकाळपर्यंत तो प्रश्नच नव्हता.

दिपाली पुन्हा निघाली, पुन्हा बाभळीकडे गेली.

“सर बाजूला,” म्हणत साखराबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला आणि पाण्यात झेप घेतली.

पन्नाशी उलटली तरी बाईंच्या हातात जोर होता. सपासप पाणी कापत त्या निघाल्या. आता पिंप आलंच असेल अशा बेताने त्यांनी डोकं वर काढलं, तर समोर एक म्हैस रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती. उजवीकडे दुसरी, मागे तिसरी. काठावर दिपाली पोट धरून खाली बसली होती.

“हसायला काय झालं?” साखराबाई तिथूनच ओरडल्या.

“माय, तू बी उजवीकडंच गेलीस!”

मग दोघी ओल्या कपड्यांनी काठावर बसल्या आणि दिपालीने विचारलं, “आपण विहिरीत कसं फिरतो?”

साखराबाईंनी हवेतच बोटाने एक गोल काढला. त्यांच्या विहिरीच्या कोनाड्यात साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड होते. पाण्यातल्या या देवींचा मान म्हणून विहिरीत पोहायचं ते प्रदक्षिणेच्या अंगानं, भिंत डाव्या हाताला ठेवून. उलटं फिरणाऱ्या पोरीला साखराबाई वरून ढेकूळ मारायच्या. जन्मभर गोल फिरलेल्या अंगाला उजवीकडे वळायचं हेच सरळ वाटायला लागलं होतं. डावा हात जोराने पडायचा, उजवा नुसता सोबतीला. विहिरीत हे कुणाला कळणार? तिथे सरळ जायला जागाच नव्हती.

“मंग काय उलटं फिरायचं? आसरा काय म्हणतील?” साखराबाई एवढंच म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

परतताना एसटीत दिपालीने मोबाइल काढून आईच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर निळ्या पाण्यात एक अवाढव्य देवमासा संथ चालला होता. अंगाच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब पर होते.

“ह्यो कशानं पुढं जायलाय, सांग.”

“ह्या दोन वल्ह्यांनी. अजून कशानं?”

“न्हाई. शेपटीनं. शेपटी बघ, वर-खाली, वर-खाली. सगळा जोर तिथं. हे बाजूचे हायेत ना, ते वळायला. वळायचं आसलं की एक आसा तिरपा धरायचा. थांबायचं आसलं की दोन्ही पसरायचे. अंग कलंडू नये म्हणून बी तेच.”

“म्हंजी हाणतच न्हाई?”

“पुढं जायला सहसा न्हाई. समुद्रातलं कासव हाणतं, त्याचं सगळं पोहणं हातावर. आपलं तसंच हाय, कासवावानी. आन एक हात जोरात पडला की अंग वाकडं जातंय.”

कासव म्हटलेलं साखराबाईंना झोंबलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

“आता माशाकडनं शिकू का म्या?”

“नुसतं नावाला मासा, माय. ती लेकराला दूध पाजती.”

साखराबाईंचं तोंड हळूच परत फिरलं. “दूध पाजती?”

पडद्यावर त्या मोठ्या अंगाच्या कुशीला एक पिल्लू होतं. ते जरा पुढे गेलं, तशी आईने आपला लांब पर उचलला आणि पिल्लाच्या पाठीवरून अलगद फिरवला. पिल्लू मागे येऊन पुन्हा कुशीला लागलं. कंडक्टर तिकिटासाठी येऊन उभा राहिला होता. “थांब रं बाबा जरा,” म्हणून साखराबाईंनी त्याला खोळंबून ठेवलं.

“आन ह्याच्या आत हाडं कशी हायेत म्हाईत हाय का? आपल्या हातासारखी. दंड, मनगट, बोटं, सगळं हाय. वरनं कातडं झाकलंय म्हणून दिसत न्हाई.”

साखराबाईंनी स्वतःचा तळवा उलटा-सुलटा करून पाहिला.

“मंग हात म्हण की सरळ,” त्या म्हणाल्या. “बाईमाणसाला पर कशाला आसतील?”

त्या क्षणापासून देवमासा त्यांचा झाला. दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण टाकताना त्या बायांना सांगत होत्या की देवमाशीण शेपटीनं पुढं जाती, हात नुसता दिशेला ठेवती. ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंचं माहेर समुद्रकाठचं आहे. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

विहिरीवरची शिकवणी त्याच सकाळी बदलली. “हात अंगाला चिकटव. नुस्ते पाय हाण,” असा वरून हुकूम सुटला. मग एक तळवा बाहेर काढून तिरपा धरायचा आणि अंग कुठे वळतं ते बघायचं. मग दोन्ही तळवे आडवे पसरून एका जागी थांबायचं. दिपालीला दोन-तीन दिवसांत ते साधलं. पण उजवीकडची ओढ काही जाईना. ती जायची तर उलट्या फेऱ्याच माराव्या लागणार होत्या, आणि त्याचं नाव काढायला दोघीही तयार नव्हत्या.

शेवटी एका सकाळी साखराबाई हळदीकुंकू आणि दहीभात घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरल्या. कोनाड्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

“बायांनो, आजपस्तोर तुमच्या रीतीनं फिरले आन फिरवलं. आता लेकीच्या कामापुरतं उलटं फिरती. ही पोर पुढं बुडत्याला काढणार हाय. काय राग यायचा तो माझ्यावर काढा.”

“आन खरंच रागावल्या तर?” मोटारीचं बटण दाबायला आलेल्या त्यांच्या नवऱ्याने, बद्रीनाथने वरून विचारलं.

“त्या बी पाण्यातल्याच बाया हायेत. तुमच्यापेक्षा जास्त कळतंय त्यास्नी.”

बोलायला बोलल्या खऱ्या. दिपाली उडी मारायला पुढे झाली तेव्हा मात्र त्यांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. काही वाईट व्हायचंच असेल तर आधी आपल्याला होऊ दे, म्हणून त्यांनी लुगड्यानिशी उडी घेतली आणि भिंत उजव्या हाताला ठेवून पहिली उलटी फेरी स्वतः मारली. अंग ऐकत नव्हतं, दोनदा खांदा दगडाला घासला. काही झालं नाही. पाणी होतं तसंच गार होतं. मग त्यांनी लेकीला हाक मारली.

रविवारी धरणावर बरीच गर्दी होती. शहरात तरणतलावात शिकलेल्या मुली टोप्या आणि चष्मे घालून आल्या होत्या. साखराबाईंनी त्यांच्याकडे एकवार बघून घेतलं आणि मान फिरवली. त्यांना काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. परतताना ऊन डोळ्यांवर येणार होतं आणि पाण्यातून सगळा काठ सारखाच दिसायचा, बांबू तर काडीसारखे. म्हणून मायलेकींनी ठरवलं होतं, साखराबाईंनी लालभडक लुगडं नेसून बांबूंच्या मागे उभं राहायचं आणि दिपालीने त्या लाल रंगाकडे बघत यायचं.

दिपालीचा नंबर लागला. शिट्टी झाली आणि ती पाण्यात शिरली. तेवढ्यात हवालदार बाईंनी येऊन काठ मोकळा करायला घेतला.

“घरच्यांनी जीपांकडं व्हा. इथं थांबायचं न्हाई.”

“अवो ताई, लेक मला बघून येणार हाय.”

“सगळ्यांच्याच लेकी हायेत, मावशी. चला.”

साखराबाईंनी हुज्जत घालून पाहिली, हात जोडून पाहिले. काही चाललं नाही. जीपा बऱ्याच लांब उभ्या होत्या, पाण्यातून येणाऱ्याच्या उजव्या हाताला. तिथून त्यांनी वळून पाहिलं तर दिपाली पिंपाच्या रोखाने चालली होती. सरळ, अगदी सरळ. पाय एकसारखे पडत होते, हात शांत होते. पिंपाजवळ जाताच तिने दोन्ही तळवे पसरले आणि जागच्या जागी थांबली. साखराबाईंना असा काही आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईचा हात त्यांनी दाबून धरला.

दिपालीने पिंपाला हात लावला, मान वर काढली आणि काठावर नजर फिरवली. बांबूंपाशी लाल काही नव्हतं. नजर पुढे सरकली आणि जीपांपाशी येऊन थांबली. तिचा उजवा तळवा पाण्यात तिरपा झाला, अंग इकडे वळू लागलं.

साखराबाईंच्या गळ्याशी हाक आली. तिकडं जा, बांबूकडं! पण इतक्या लांबून शब्द कळणार नव्हते, कळला असता तो फक्त आईचा आवाज. हात हलवला असता तरी तिला वाटलं असतं, माय बोलावतीय. जन्मभर काठावर उभं राहून ओरडलेल्या बाईने तोंड घट्ट मिटलं. त्या वळल्या आणि जीपेच्या मागे जाऊन मातीत बसल्या. चाकाला पाठ टेकवली, पाय पोटाशी घेतले आणि लाल पदर चहूबाजूंनी गोळा करून मांडीत दाबून धरला.

आता समोर नुसती बाभळीची झुडपं होती. मागे पाणी होतं आणि पाण्यात लेक. कुणीतरी “अगं बघा, बघा” म्हणालं, पण ते कुणाबद्दल ते कळलं नाही. उठून एकदा डोकावावं असं फार वाटलं. त्यांनी पदर आणखी घट्ट धरला. मग शिट्टी वाजली, टाळ्या झाल्या आणि थोड्या वेळाने तोवर निवडलेल्या मुलींची नावं भोंग्यावरून आली. त्यात दिपालीचं नाव होतं. साखराबाईंनी तिथेच बसून डोळे पुसले.

“माय! इथं काय करायलीस?” वेणीतलं पाणी पिळत दिपाली समोर उभी होती. “माझं येणं बघितलंस का न्हाई?”

“बघितलं की.”

“सरळ आले?”

“सरळच आलीस. नुसतं बांबूंजवळ येताना उजवा हात जरा ढिला पडला तुझा.”

दिपालीचे हात वेणीवरच थांबले. “पडला खरा,” ती म्हणाली. “दम लागलता. पण लगीच सावरला.”

“त्ये बी बघितलं,” साखराबाई म्हणाल्या, आणि लुगड्याची माती झटकत उठल्या. मग वळून जीपेच्या कडेने त्यांनी धरणाकडे पाहिलं. तोवर पुढची मुलगी पाण्यात उतरली होती.