तेओदोरा आत्याचं बोट

बुर्गोसचं कॅथेड्रल दाखवीन, असं एन्कार्ना मावशीनं ओर्लाला कधीचं कबूल केलं होतं. ओर्ला आयर्लंडहून स्पेनमध्ये वायादोलिदला शिकायला आलेली, एन्कार्नाच्या घरी खोली घेऊन राहणारी. मावशीच्या हाताला चव होती आणि तोंडात उठता-बसता देवाचं नाव. जानेवारीतल्या एका शनिवारी दोघी बसनं निघाल्या.

"आधी माझ्या आत्याला भेटू," बुर्गोसला उतरल्यावर मावशी म्हणाली. "कॅथेड्रलच्या मागेच राहते. शेवटचे दिवस मोजतेय बिचारी."

घरात पाऊल टाकताच ओर्लानं मफलर नाकावर ओढला. खिडक्या बंद, हीटर तापलेला, आणि मलम, उकडलेला कोबी, लघवी या सगळ्यांचा मिळून एकच वास. बाहेरच्या खोलीत आत्याची सून निएवेस फोनवर बोलत होती. तिनं नुसती मान हलवून आत जायला सांगितलं.

तेओदोरा आत्या उशांमध्ये रुतून पडली होती. तोंड उघडं, ओठांची सालं निघालेली. मावशीनं मागे दार लोटलं.

"हात धर तिचा, पोरी. तरुण हात लागला की तिला बरं वाटतं."

ओर्लानं डावा हात धरला. सुजलेला, गरम हात. आत्यानं तिची बोटं घट्ट धरून ठेवली. मावशीनं पर्समधून छोटी बाटली काढून त्या हातावर तेल ओतलं. ओर्लाला वाटलं, चोळून देणार असेल. पण मावशी आत्याच्या बोटातली पाचूची अंगठी पिरगळायला लागली.

"मनगट दाबून धर."

"दुखतंय त्यांना, मावशी."

"तिला काय कळतंय आता?"

आत्याच्या घशातून बारीक आवाज आला. तिनं डोळे उघडले आणि पाहिलं ते ओर्लाकडेच, कारण मनगट ओर्लाच्या हातात होतं. ओर्लानं सोडलं नाही. मोठ्या माणसानं सांगितलं की ऐकायचं, एवढीच सवय त्या क्षणी उरली होती. अंगठी निघाली, तिच्याबरोबर कातडीही थोडी निघाली. मावशीनं अंगठी चादरीला पुसून पर्समध्ये टाकली आणि आत्याच्या कपाळाचा मुका घेतला.

"चल, आता तुझं कॅथेड्रल."

कॅथेड्रलमध्ये मावशीनं मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटली. तिची बोटं मेणबत्तीच्या उजेडात तेलानं चमकत होती. वर घुमटातून चांदणीच्या आकाराचा उजेड येत होता, पण ओर्ला तळहात कोटाला पुसत राहिली.

"परत देऊ या ती," ती म्हणाली.

"हळू बोल, देवाच्या घरात आहोत. मी नसती घेतली तर निएवेसनं घेतली असती. आत्याच्या गळ्यातली साखळी कुठं गेली, ते विचार जा तिला." मावशीनं पर्स चाचपून पोवळ्याची कानातली काढली आणि ओर्लाच्या हातात कोंबली. "ही तुला. कपाटावर पडली होती. तूही मदत केलीस की."

कानातली बाकावर ठेवून ओर्ला तडक बाहेर पडली आणि आत्याच्या घराचे जिने चढली. निएवेसला तिनं सगळं सांगितलं, स्वतः मनगट धरल्याचंसुद्धा. निएवेसनं फोन बाजूला ठेवला.

"कुठल्या हातातली?"

"डाव्या."

निएवेस लगबगीनं आत गेली. पांघरुणाखालून आत्याचा उजवा हात ओढून तिनं बोटं तपासली.

"लग्नाची अंगठी आहे अजून," ती सुस्कारा टाकून म्हणाली. "मी साबणानं काढून बघत होते. तेल सुचलंच नाही मला." मग तिनं ओर्लाकडे वळून विचारलं, "जरा थांबतेस? एकटीला जमत नाही. कुणीतरी मनगट धरायला लागतं."

ओर्लानं आत्याचा उजवा हात परत पांघरुणाखाली सरकवला. "नाही," ती म्हणाली.

तिनं फडकं ओलं करून सोललेलं बोट पुसलं. पेला शोधला, चमच्यानं आत्याला पाणी पाजलं. सकाळपासून पाण्याचा थेंब मिळाला नसावा, कारण चमचा दूर गेला की आत्याची जीभ त्याच्या मागे येत होती. निएवेस दारात हाताची घडी घालून उभी होती, ही पोरगी कधी जाते याची वाट बघत.

ओर्ला एकटीच बसनं परतली. बॅग भरून ती वर्गातल्या एका पोलिश मुलीच्या खोलीवर गेली. मावशीचे फोन येत राहिले. "जेवण झाकून ठेवलंय, पोरी. म्हाताऱ्या बाईच्या अंगठीवरून एवढं रुसायचं?"

फेब्रुवारीत आत्या गेली. मावशीनं अंत्यविधीचा फोटो पाठवला. एन्कार्ना आणि निएवेस, दोघी काळ्या कपड्यांत, एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. फोटोखाली मावशीनं लिहिलं होतं, "तुझी आठवण काढली."

पोलिश मुलीनं सूप वाढून हाक मारली. ओर्लाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.