सगळीकडे सापडणारा भुंगेरा

किल्ली काही केल्या कुलपात जाईना. भुंगेरावने ती दोनदा उलटसुलट करून पाहिली, तेव्हा कुठे संग्रहालयाचं दार उघडलं. साप्ताहिक सुट्टीचा दिवस, आत चिटपाखरू नव्हतं. काखेत त्याने घरच्या टेबलाचा खणच्या खण ओढून आणला होता आणि पावलागणिक त्यातल्या गोळ्यांच्या डब्या खुळखुळत होत्या.

आई कालपासून सापडत नव्हती.

भुंगेराव हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. जमिनीवर धावणारे काळे भुंगेरे ओळखणं हा त्याचा पेशा, आणि ताईने लहानपणी चिडवायला ठेवलेलं नाव नोकरीतही त्याच्या मागोमाग येऊन बसलं होतं. तुम्हाआम्हाला सगळे काळे भुंगेरे सारखेच. हा मात्र डोळ्यांच्या वरचे केस बघायचा, पाठीच्या कवचावरच्या रेघा मोजायचा, पुढच्या पायाला मिशा साफ करायची जी खाच असते तिचा बाक बघायचा आणि जात सांगायचा. लांबलांबून लोक त्याच्याकडे किडे पाठवत. त्याने सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा त्याचा दबदबा होता.

आणि याच माणसाला काल पोलिसाने साधा प्रश्न विचारला, "तुमच्या आई दुपारच्या कुठे जायच्या?" तर हा ताईकडे बघायला लागला.

जायच्या हेच मुळी त्याला ठाऊक नव्हतं. सांगितलं ते शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. "अहो, रोजच्या जातात की. तुम्ही यायच्या आत परत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." गेलं वर्षभर आई एकेक गोष्ट विसरत चालली होती. चहात साखर घातली की नाही हे विसरायची, मग ताईचं नाव विसरली, मग आपल्याला मुलगी आहे हेच विसरली. पाय तेवढे शाबूत राहिले होते. कालही ती पायांनीच गेली, अंगावर एक पातळ शाल घेऊन, आणि आली नाही. रात्रभर दोघा भावंडांनी दवाखाने, बसथांबे, बागा पालथ्या घातल्या. संग्रहालयाच्या मुख्य दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, पाहिली नाही. थंडी अशी होती की सकाळी नळाच्या तोंडाशी बर्फ धरलं होतं. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात एक रात्र कशीबशी निघाली असेल, दुसरी निघणार नाही.

पहाटे घरी येऊन तो जेवणाच्या टेबलाशी मटकन बसला, आणि समोर तो खण होता.

गेले काही महिने आई अधूनमधून त्याच्या ताटाशेजारी एक गोळ्यांची डबी ठेवायची. आत कापसात गुंडाळलेला भुंगेरा. "बघ रे, हा कोणता?" तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "काळा आहे, आई. सगळीकडे सापडतो." आणि डबी खणात जायची. हाताखालच्या पोरांनी भिंगाशिवाय नाव घेतलं तर त्यांची खरडपट्टी काढणारा हा माणूस! स्वतःच्या आईने आणलेल्या किड्यावर त्याने भिंग सोडा, नजरसुद्धा टाकली नव्हती.

पण किडा वाटेल तिथे राहत नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कुणाला नदीकाठचा चिखल लागतो, कुणाला पानांचा कुजलेला थर, कुणाला चुनखडीची वाळकी माती. किडा ओळखला की आई कुठे जात होती ते कळणार होतं. हे लक्षात आलं तेव्हा तो एवढा दचकला की खुर्ची मागे पडली, आणि खण उपसून तो तसाच धावत सुटला होता.

तिसऱ्या मजल्यावर त्याने दिवा लावला, मायक्रोस्कोप पुढे ओढला आणि पहिली डबी उघडली. कापूस घट्ट दाबून भरलेला होता. "त्याला थंडी वाजू नये म्हणून," असं आई एकदा म्हणाल्याचं त्याला आठवलं. त्याने चिमट्याने हळूच कापूस ओढून काढला आणि भुंगेरा भिंगाखाली ठेवला.

ओळखायचं पुस्तक त्याला पाठ होतं. पायरीपायरीला फक्त दोन रस्ते. हे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे. डोळ्यांवर दोन केस, ठीक. कवच काळं, किंचित निळसर, ठीक. मग डोक्याच्या मागे ढालीसारखा भाग असतो, त्याचा मागचा कोपरा. तिथे एक उभा केस आहे का? आहे तर एक रस्ता, नाही तर दुसरा. त्याने दिवा फिरवला, किडा फिरवला. केस नव्हता. दुसरी डबी उघडली. तिथेही नव्हता. बाकी खुणा भराभर जुळत गेल्या आणि पुस्तकाने त्याला नदीवर नेऊन सोडलं. लव्हाळ्यातली, पाण्यालगतची जात.

त्याने ताईला फोन लावला. "नदीकाठ. जुन्या पुलाखालचं लव्हाळं. ती तिथेच जात होती."

"नदीवर? अरे, तिला पाण्याची भीती वाटते."

"ताई, ती तुला ओळखत नाही, पाण्याला काय ओळखणार! पोलिसांना सांग."

"नक्की ना? त्यांच्याकडे माणसं थोडी आहेत. टेकडीवर शोधणारी सगळी खाली आणावी लागतील."

"नक्की," तो म्हणाला. "काळ्या दगडावरची रेघ."

मग तो थांबून राहिला. स्वतः नदीवर जायला हवं होतं. पण खोटं कशाला बोला, तिथे जे दिसेल ते बघायची त्याची छाती नव्हती. दुपार कलली. ताईचा फोन आला, लव्हाळं सगळं तुडवून झालं. मग पुन्हा आला. या खेपेला ती रडत होती. "ते आता पाण्यात लोखंडी आकडे टाकतायत रे. मला तिकडे बघू नका म्हणाले. तू नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

"पुन्हा बघ. तुझ्या पाया पडते, पुन्हा एकदा बघ."

थोरली बहीण धाकट्याच्या पाया पडते म्हणाली, तेव्हा त्याला रडू फुटलं. डोळे पुसून त्याने उरलेल्या डब्या एकामागून एक उघडायला घेतल्या, काहीतरी करायचं म्हणून. एका डबीत कापूस अर्धाच होता. बहुधा घरातला संपला असावा. तो भुंगेरा त्याने भिंगाखाली ठेवला आणि दिवा जवळ ओढला.

डाव्या कोपऱ्यावर केस होता. उजव्यावर नव्हता.

एकाच किड्याला एका बाजूला केस आणि एका बाजूला नाही, असं कधी असतं का? केस उगवलेला असतो आणि तुटतो. तुटला तरी तो जिथून निघतो तो बारीकसा खळगा राहतो. तो खळगा बघायचा, हे भुंगेराव नवख्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. त्याने पहिला किडा पुन्हा ठेवला आणि भिंग मोठं केलं. कोपऱ्यावर खळगा होता. दुसऱ्याला होता. सगळ्यांना होता. आईच्या कापसाने केस ओढून निघाले होते, आणि घाईत याने खळगा बघितलाच नव्हता. माणसं दिवसभर चुकीच्या जागी पाणी ढवळत होती आणि बाहेर ऊन उतरत आलं होतं.

"ताई, चुकलं. नदी नाही."

 ताई कडाडली, "तू आणि तुझे ते मेले किडे! दिवस मावळायला आलाय! मग कुठे? सांग, कुठे?"

"बघतोय," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तो पुस्तकाच्या त्या दुफाट्यावर परत गेला आणि दुसऱ्या रस्त्याला लागला. आता तो एकेक खूण दोनदा बघत होता आणि बघताबघता "देवा, देवा" म्हणत होता. पाय अंगाच्या मानाने फार लांब. डोळे लहान, फारसे न फुगलेले. पावलांवर वरच्या बाजूनेही बारीक लव. नखीच्या आतल्या कडेला फणीसारखे दाते. हा उजेडातला प्राणी नव्हता. अंधारात, थंड ओल्या दगडात, घरांच्या पोटात राहणारी ही जात.

म्हणजे तळघर. पण कोणतं? या गावात घरटी तळघर होतं. दारं ठोठावत सुटलं तरी चार दिवस लागले असते, आणि हातात तासभराचा उजेड होता. त्याने कपाळ टेबलावर आपटलं. मग सवय म्हणा, दुसरं काही सुचेना म्हणून म्हणा, तो संग्रहाच्या कपाटाकडे गेला. कितीही खात्री असली तरी शेवटी जुन्या नमुन्याशेजारी ठेवून ताडून बघायचं, हा नियम. सकाळी त्याने तोही मोडला होता.

त्या जातीच्या काचेच्या पेटीत टाचणीवर एकच नमुना होता, वर्षानुवर्षं कुणी न हलवलेला. तोच निळसर काळा रंग, तेच लांब पाय. त्याने टाचणी उचलली आणि खालची चिठ्ठी वाचली. अक्षर त्याचंच होतं, तरुणपणीचं, गोल आणि उत्साही.

"याच इमारतीचं तळघर. शोधणारी: आई."

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याला खाली तळघरात एक खोली दिली होती. आई रोज दुपारी मागच्या फाटकाने डबा घेऊन यायची. तो कामात असला की खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहायची, दार वाजवायची नाही. एके दिवशी तिने रुमालात धरून एक भुंगेरा आणला. "बघ रे, हा कोणता?" त्याने बघितला आणि आईला धरून गरगर फिरवलं होतं. या गावात ही जात तोवर कुणालाच सापडली नव्हती. साहेब म्हणाले, चिठ्ठीवर नाव लिहायचं असतं, आई काय लिहितोस? तो म्हणाला होता, तिला सगळे आईच म्हणतात.

टाचणी तिथेच टाकून तो धावला.

लिफ्ट बंद होती. तीन मजले तो कसा उतरला ते त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. तळघरातले दिवे लागेनात. मोबाइलच्या उजेडात मोडकी कपाटं, बरण्या, गुंडाळलेले नकाशे दिसले. सामान यायचं ते मागचं फाटक बाहेरून बंद होतं. उद्या सुट्टी म्हणून काल ते लवकर लावून घेतलं असणार, आणि आत बाकावर कुणी बसलं असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसणार. ती ओरडली असती तरी रात्री ऐकायला कोण होतं? पण आज तो दिवसभर इथेच होता. तिच्या डोक्यावर तीन मजले, दिवा लावून, तिला शोधत.

बाक तिथेच होता. आई त्यावर बसली होती. शाल डोक्यावरून घेतलेली, ओठ निळे पडलेले, दोन्ही हात मांडीवर आणि हातांत गोळ्यांची डबी.

"आई!"

तिने मान वळवली. डोळे उघडे होते. तिने एक बोट कसंबसं ओठांवर नेलं.

"हळू बोला," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की त्याला खाली वाकावं लागलं. "आत माझा मुलगा काम करतोय."

त्याने कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला, तिचे पाय आपल्या हातांत घेतले. ते दगडासारखे गार होते. "आई, मीच आहे. बघ ना माझ्याकडे. चल, घरी जाऊ."

"तुम्ही जा. तो बाहेर आल्याशिवाय मी नाही हलायची." मग काहीतरी आठवल्यासारखं करून तिने डबी पुढे केली. "आत जाताय का? एवढं त्याला द्या."

त्याने डबी घेतली, उघडली आणि उजेडात धरली. भुंगेरा जिवंत होता. कोपऱ्यावरचे दोन्ही केस ताठ उभे होते.

"फार दुर्मीळ आहे हा," तो म्हणाला. त्याने डबी हलकेच मिटली. "तुमच्याशिवाय या गावात कुणालाच सापडलेला नाही."

"छे हो," आई म्हणाली. "तो म्हणतो, सगळीकडे सापडतो. त्याला कळतं त्यातलं."

त्याने तिला उचलायचा प्रयत्न केला, तर तिने बाकाची कड घट्ट धरली. अंगात एवढंसं त्राण नव्हतं आणि बोटं सुटता सुटेनात. ओढावं तर ती कण्हत होती. त्याने इकडेतिकडे बघितलं. समोर त्याच्या जुन्या खोलीचं दार होतं, कडी गंजलेली.

त्याने खांद्याने दार ढकललं आणि आत गेला. खोली तुटक्या खुर्च्यांनी भरली होती, उभं राहायला जेमतेम जागा. त्याने दार आतून लोटून घेतलं. अंधारात त्याने तोंडावर हात दाबला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मग डोळे पुसले, केस सारखे केले, दार उघडलं आणि बाहेर आला.

"झालं माझं काम, आई. चल."

आईने वर बघितलं आणि बाकावरचा हात सोडला.

"आज लवकर सुटलास रे," ती म्हणाली, आणि उठवून घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले.