दोन टोकांचा केस

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीत, प्रभावती मनवर बावीस वर्षं कापूस निवडत होती. कापूस यंत्रात जायच्या आधी त्यातली पत्ती, काडी, किडक्या बोंडाची कवडी वेगळी काढायची, हे तिचं काम. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर दोन बोटांच्या चिमटीत कापूस ओढून धागा कसा पाहतो, हेही तिनं बाजूला बसून शिकून घेतलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं. पण २००६ च्या हंगामात कापूसच धड येईना. जिनिंग आठवड्यातून तीन दिवस चाले, आणि उरलेले चार दिवस प्रभावतीच्या हातांना चैन पडत नसे.

त्यातच तिची थोरली लेक ममता काविळीनं पिवळी होऊन गोव्याहून घरी आली. ती तिथं समुद्रातल्या जीवांवर संशोधन करत होती. डॉक्टरनं महिनाभर आराम सांगितला होता. पोरीनं तीन दिवस निमूट उसाचा रस प्याला आणि चौथ्या दिवशी पिशवीतून फोटोंचा गठ्ठा काढून सतरंजीवर मांडून बसली.

"हे काय वं?" प्रभावतीनं विचारलं.

"किडे आहेत, आई. समुद्राच्या तळचे."

प्रभावतीनं एक फोटो उचलला आणि कपाळावर हात मारला. "अवं माय! इथं सारा गाव अळीच्या मागं फवारे घेऊन धावून राह्यला, अन् तू अळ्या शोधाले समुद्रात गेलती?"

ममता हसत सुटली. "अळी नाही गं. गांडुळाच्या गोतातले आहेत हे. पाठीवर खवले, दोन्ही अंगांनी केस. तीन किलोमीटर खोल, उजेडाचा थेंब नाही अशा जागी तळ फाटून उकळतं पाणी वर येतं. त्यातल्या खनिजांचे सुळके होतात. त्या सुळक्यांवर हे राहतात."

"उकळत्या पाण्यात?"

"त्याच्या कडेनं. जरा कोमट असतं तिथं."

"अन् तू उतरली तिथं?" प्रभावतीचा आवाज बदलला.

"मी बोटीवर होते. यंत्र खाली गेलं, त्यानं उचलून आणले."

तेव्हा कुठं प्रभावतीच्या जिवात जीव आला. मग ममतानं खरी गोष्ट सांगितली. हा किडा जगात आजवर कोणी पाहिलेला नव्हता. ही नवी जात आहे असा लेख तिनं जवळजवळ पुरा केला होता. तो याच महिन्यात पाठवायचा होता.

दुपारी औषध घेऊन ममता झोपली. फोटो तसेच पसरलेले होते. प्रभावती आवरायला म्हणून खाली बसली, आणि आवरता आवरता बघत राहिली. काही फोटोंत नुसते केस मोठे करून दाखवले होते. तिची बोटं सवयीनं चालू झाली. हा इकडे, तो तिकडे. तासाभरात सतरंजीवर दोन राशी झाल्या.

ममता उठली ती ओरडतच. "आई! क्रमानं लावले होते ना मी! सगळा घोळ केलास."

"घोळ नाही केला, निवडले," प्रभावती म्हणाली. "हे दोघं एका जातीचे नाहीत."

"लहानमोठे आहेत म्हणून तुला तसं वाटतं."

"लांबीचं कोण सांगून राह्यलं? याच्या केसाले एक टोक हाय. त्याच्या केसाले दोन. सापाच्या जिभेवानी."

ममतानं फोटो हातात घेतला. "हे तुटलेत, आई. वर आणताना घासले गेलेत."

"तुटलेला धागा मले कळत नाही का?" आता प्रभावतीही चिडली. "तुटते तो कसाही तुटते, एक इथं, एक तिथं. हे दरेक केसात सारखं फाटलं. हे जन्माचं हाय."

 क्रम पुन्हा लावायला म्हणून ममतानं डाव्या राशीतले फोटो उलटे केले. प्रत्येकामागे इंग्रजीत नमुन्याचा आकडा आणि तो दोनपैकी कुठल्या सुळक्यावर सापडला ती जागा लिहिलेली होती. ती प्रभावतीला वाचता येत नव्हती. पहिला फोटो उत्तरेच्या सुळक्यावरचा. दुसरा उत्तरेचा. तिसराही. ममता भराभर उलटत गेली. डावी सगळी रास उत्तरेची, आणि उजवी सगळी दक्षिणेच्या सुळक्यावरची निघाली.

"आई," ती एवढंच म्हणाली आणि मोबाईल शोधायला धावली.

गोव्यात तिच्याबरोबर काम करणारी निकिता होती. तिनं बाटल्यांतले खरे किडे काढून एकेक सूक्ष्मदर्शकाखाली धरले. या कामाला तिला पुरते दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत ममतानं घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की प्रभावतीनं तिला शेवटी तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आई, निकिता म्हणते उत्तरेच्या प्रत्येकाला आहेत! दोन टोकं, लहानांनासुद्धा! दक्षिणेच्या एकालाही नाहीत!" ममता शेंगांचं सूप लाथाडून उठली आणि आईला मिठी मारून गरगर फिरवू लागली. दाणे घरभर झाले.

"सोड वं, पडीन मी!" प्रभावती ओरडत होती आणि हसतही होती.

लेख नव्यानं लिहावा लागला. परदेशातल्या जाणकारांनी तो दोनदा शंका काढून परत पाठवला, आणि दोन वर्षांनी तो छापून आला. त्यात एक नाही, दोन नव्या जाती होत्या. ममता तो घेऊन स्वतः दिग्रसला आली. दुभंगलेल्या केसांच्या जातीच्या नावावर तिनं बोट ठेवलं आणि हळूहळू वाचून दाखवलं. नावाचा शेवटचा शब्द होता प्रभावतीए, म्हणजे प्रभावतीची.

प्रभावती पहिल्यांदा घाबरलीच. "किड्याले माह्यं नाव? लोक काय म्हणतीन?"

"लोकांना आता बदलता येणार नाही. जगभर हेच नाव चालणार."

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत प्रभावतीनं पदराखालून लेखातला फोटोचा कागद काढला. भुरीबाई तिच्या शेजारी बसून निवडायची. तिनं हात लुगड्याला पुसले आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"लई केसाळ हाय वं ही तुह्या नावाची पोट्टी," ती म्हणाली. "खाते काय?"

"गरम पाण्यात बारीक जीव वाढतात, ते खाते," प्रभावती म्हणाली. "अन् उजेड नसला तरी तिचं काही अडत नाही." मग ती बाकीच्या बायांना सांगायला पुढच्या राशीकडे गेली.